फाईल डोळ्यांसमोर, तरी क्लास सापडेना

स्वतः लिहिलेले सॉफ्टवेअर पॅकेज लॅपटॉपवर महिनाभर बिनतक्रार चालते. मग ते ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवले जाते आणि पहिल्याच पानावर ‘क्लास नॉट फाउंड’ अशी ओळ उमटते. पीएचपी भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. फाईल जागच्या जागी दिसते, उघडली तर आत क्लासही असतो, नाव कितीही वेळा वाचले तरी तेच. समोर दुकानदार ताटकळलेला असतो, कारण त्याची बिले थांबलेली असतात. अशा घाईत बहुधा एकच उपाय केला जातो. न सापडणाऱ्या फाईलचा पूर्ण मार्ग ‘रिक्वायर’ या आज्ञेने थेट लिहून टाकला जातो. बिले सुरू होतात. दोष मात्र आत तसाच राहतो आणि पुढच्या ग्राहकाकडे दुसऱ्या एखाद्या क्लासच्या नावाने वर येतो.

या त्रुटीचे शब्दच थोडे फसवे आहेत. क्लास अस्तित्वात नाही, असे पीएचपी सांगत नसते. ज्या पत्त्यावर तो मिळेल असे तिला सांगितले होते, त्या पत्त्यावर तो मिळाला नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. त्यामुळे शोध क्लासचा घ्यायचा नसून पत्ता कोणी, कोठे आणि कसा चुकीचा लिहिला, याचा घ्यायचा असतो.

पीएचपीमध्ये एखाद्या क्लासचे नाव प्रथम वापरले गेले आणि तो अजून स्मृतीत आलेला नसला, तर ती भाषा ते नाव ऑटोलोडर नावाच्या फंक्शनच्या हाती देते. नावावरून फाईल ओळखून ती उघडणे हे ऑटोलोडरचे काम. पाकिटावरील तालुका, गाव, वाडा आणि घर क्रमांक वाचून घर गाठणाऱ्या पोस्टमनसारखेच हे काम आहे. फरक इतकाच की, पत्ता अर्धवट असला तर गावचा पोस्टमन निदान नाक्यावरच्या दुकानात चौकशी करतो. ऑटोलोडर तेवढेही कष्ट घेत नाही. दिलेल्या पत्त्यावर घर नसले, की तो मुकाट्याने परत फिरतो.

ही व्यवस्था एका दिवसात आलेली नाही आणि तिचा इतिहास ठाऊक नसल्याने जुने धडे वाचून शिकणाऱ्यांची अजूनही फसगत होते. २००४ साली आलेल्या पीएचपी ५ मध्ये दोन अधोरेखांनी सुरू होणारे ‘ऑटोलोड’ हे फंक्शन मिळाले. परंतु संपूर्ण प्रोग्रामात ते एकदाच लिहिता येत असे. दोन लायब्ररींनी आपापले ऑटोलोड लिहिले, की दोघींची टक्कर ठरलेली. पुढे ५.१ या आवृत्तीत अनेक ऑटोलोडर एका रांगेत उभे करण्याची सोय झाली. २००९ मध्ये ५.३ या आवृत्तीने नेमस्पेस आणले आणि क्लासला आडनाव मिळाल्यासारखे झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या पीएचपी-फिग या गटाने नाव आणि फाईल यांची सांगड घालणारा ‘पीएसआर-०’ हा पहिला संकेत ठरवला. २०१२ मध्ये कंपोझर हे साधन आले. डिसेंबर २०१३ मध्ये ‘पीएसआर-४’ हा सुटसुटीत संकेत मान्य झाला आणि पुढच्याच वर्षी पीएसआर-० निवृत्त करण्यात आला. मूळचे ऑटोलोड फंक्शन तर २०२० च्या पीएचपी ८ मधून काढूनच टाकले आहे.

पीएसआर-४ चा नियम एका उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एखाद्याने बिलिंगचे पॅकेज लिहिले आणि त्याच्या सर्व क्लासांना ‘कोठार\बिलिंग\’ हा उपसर्ग दिला. पॅकेजच्या ‘कंपोझर डॉट जेसन’ या फाईलमध्ये त्याने नोंद केली की, हा उपसर्ग म्हणजे ‘एसआरसी’ हा फोल्डर. आता ‘कोठार\बिलिंग\इनव्हॉइस\टॅक्सकॅल्क्युलेटर’ या क्लासची मागणी झाली, की ऑटोलोडर उपसर्ग काढून टाकतो आणि त्या जागी ‘एसआरसी’ ठेवतो. उरलेल्या भागातील बॅकस्लॅशचे तो फोल्डर करतो आणि शेवटी ‘पीएचपी’ हे शेपूट लावतो. हाती येते ती ‘एसआरसी/इनव्हॉइस/टॅक्सकॅल्क्युलेटर’ ही फाईल. जुन्या पीएसआर-० मध्ये उपसर्गाचे फोल्डरही पुन्हा करावे लागत, म्हणजे ‘एसआरसी’च्या आत ‘कोठार’ आणि त्याच्या आत ‘बिलिंग’. जुन्या धड्यावरून फोल्डर रचायचे आणि नव्या धड्यावरून नोंद करायची, ही गल्लत फार आढळते. मग फाईल दोन पायऱ्या खाली असते आणि ऑटोलोडर वरच्या मजल्यावरून परत जातो.

म्हणजे पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला असतो. कंपोझरच्या नोंदीत, फोल्डर आणि फाईल यांच्या नावांत आणि खुद्द फाईलच्या आत नेमस्पेसच्या व क्लासच्या ओळीत. तिन्ही ठिकाणी एकच मजकूर हवा. शिवाय मागणी करणाऱ्या कोडनेही तेच नाव उच्चारायला हवे.

तपासाची सुरुवात त्रुटीच्या ओळीपासूनच करावी. तिच्यातील नाव सावकाश, अक्षर न् अक्षर वाचावे, कारण अर्ध्याअधिक प्रकरणांचा उलगडा तेथेच होतो. समजा, त्या ओळीत ‘कोठार\बिलिंग\इनव्हॉइस\डेटटाइम’ सापडत नाही असे म्हटले आहे. असा क्लास कोणीच लिहिलेला नाही. ‘डेटटाइम’ हा पीएचपीचा स्वतःचा क्लास आहे. तो नेमस्पेसच्या आत वापरताना वर ‘यूज’ची ओळ द्यायची किंवा नावाआधी बॅकस्लॅश ठेवायचा राहून गेला, म्हणून पीएचपीने तो याच घरातला मानला. गंमत अशी की, फंक्शनांच्या बाबतीत पीएचपी उदार आहे. नेमस्पेसमध्ये फंक्शन मिळाले नाही, तर ती बाहेरच्या, सर्वांच्या अंगणात पाहते. क्लासच्या बाबतीत ती हा उदारपणा दाखवत नाही. येथे ऑटोलोडरचा काहीच दोष नसतो, तरी कित्येक जण तासभर कंपोझरच्या नोंदी बदलत बसतात.

नाव बरोबर असेल तर दुसरा प्रश्न थेट ऑटोलोडरलाच विचारावा. ‘व्हेंडर’ फोल्डरातील ‘ऑटोलोड’ ही फाईल ‘रिक्वायर’ केली, की ती लोडरची वस्तू परत देते. त्या वस्तूवर ‘फाइंडफाईल’ ही पद्धत आहे. तिला क्लासचे पूर्ण नाव, आरंभीच्या बॅकस्लॅशशिवाय, दिले की ती फाईलचा मार्ग सांगते किंवा ‘फॉल्स’ असे उत्तर देते. ही दोन ओळींची चाचणी फारशी वापरली जात नाही, हे नवलच आहे. कारण तिच्या उत्तराने तपासाची दिशाच ठरते. ‘फॉल्स’ आले तर घोटाळा नोंदीत किंवा फोल्डरांच्या नावांत आहे. मार्ग आला आणि तेथे फाईलही आहे, तर ऑटोलोडरने आपले काम केले. आता दोष फाईलच्या आत आहे. एकतर नेमस्पेसच्या ओळीत वेगळे नाव आहे, किंवा क्लासचे नाव बदलले पण फाईलचे तसेच राहिले. कधी वरची नेमस्पेसची ओळच गळालेली असते. अशी फाईल उघडली जाते, तिच्यातला भलत्याच नावाचा क्लास स्मृतीत येतो आणि मागितलेला क्लास मात्र नाहीच. तीच फाईल पुन्हा उघडली गेली, तर पीएचपी ‘हे नाव आधीच वापरात आहे’ अशी वेगळीच तक्रार करते. एकाच पानावर कधी ही आणि कधी ती त्रुटी दिसू लागली, तर आतला नेमस्पेस प्रथम तपासावा.

एका फाईलमध्ये दोन क्लास ठेवण्याची सवयही येथेच नडते. फाईल पहिल्या क्लासच्या नावाने असते. पहिला क्लास आधी वापरला गेला, तर दुसराही त्याच्या पाठोपाठ आत येतो आणि सारे सुरळीत चालते. एखाद्या पानाने दुसऱ्यालाच आधी हाक मारली, की त्रुटी हजर.

आता सर्वांत जास्त रात्री वाया घालवणाऱ्या कारणाकडे वळावे. देवनागरीत लहान आणि मोठी अक्षरे असा भेद नाही, रोमन लिपीत तो आहे. विंडोज आणि मॅकओएस यांच्या फाईल व्यवस्था सामान्यतः तो भेद मानत नाहीत. लिनक्स मानते, आणि बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. फोल्डरचे नाव लहान ‘आय’ने सुरू होणारे ‘इनव्हॉइस’ आणि नेमस्पेसमध्ये मोठा ‘आय’, अशी स्थिती असली तर लॅपटॉपवर कोणाला काही कळत नाही. सर्व्हरवर मात्र ते दोन वेगळे पत्ते होतात.

यातही एक खोच आहे. पीएचपी स्वतः क्लासच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष करते. त्यामुळे ‘टॅक्सकॅल्क्युलेटर’मधला मधला ‘सी’ कोणी लहान लिहिला आणि तो क्लास आधीच योग्य नावाने लोड झालेला असला, तर लिनक्सवरही काम बिनबोभाट होते. लोड झालेला नसला तर ऑटोलोडरकडे लहान ‘सी’चे नाव जाते, तो त्याच नावाची फाईल शोधतो आणि ती नसते. परिणामी बिलाचे पान चालते, कारण तेथे दुसऱ्या कोणी तरी क्लास आधीच आणलेला असतो. मासिक अहवालाचे पान कोसळते, कारण तेथे पहिली हाक चुकीच्या अक्षराने जाते. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली की सर्व्हरवर किंवा इंटरनेटच्या वेगावर संशय घेतला जातो. खरे कारण एका अक्षराच्या उंचीत असते.

चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करतानाही गिट आडवे येऊ शकते. विंडोज किंवा मॅकवर गिट सहसा अक्षरांचा हा भेद दुर्लक्षित करण्याच्या ठेवणीत असते. फाईलचे नाव फक्त लहानाचे मोठे केले तर बदल झाला असे त्याला वाटतच नाही. डिस्कवर नवे नाव दिसते, भांडारात जुनेच राहते आणि सर्व्हरवर पोहोचते तेही जुनेच. नाव ‘गिट एमव्ही’ या आज्ञेने बदलावे. मग ‘गिट एलएस-फाइल्स’ चालवून गिटच्या वहीत नेमके काय लिहिले आहे, ते पाहावे. डिस्कवरील फोल्डर पाहून खात्री करून घेणे येथे उपयोगाचे नाही.

इथवरची कारणे कोणत्याही प्रकल्पात घडू शकतात. पॅकेज स्वतःचे असले, की त्यात एका खास गुंतागुंतीची भर पडते. तेच पॅकेज कधी घरचे यजमान असते, तर कधी दुसऱ्याच्या घरचा पाहुणा. त्याच्या स्वतःच्या फोल्डरात चाचण्या चालवल्या, की कंपोझर त्याला मूळ प्रकल्प मानतो. मग ‘ऑटोलोड’ आणि ‘ऑटोलोड-डेव्ह’ या दोन्ही विभागांतील नोंदी लागू होतात. तेच पॅकेज ग्राहकाच्या प्रकल्पात बसवले, की मूळ प्रकल्प ग्राहकाचा ठरतो आणि पॅकेजचा ‘ऑटोलोड-डेव्ह’ विभाग सरळ दुर्लक्षित होतो. चाचण्यांच्या फोल्डरात सोयीसाठी ठेवलेला एखादा मदतनीस क्लास मुख्य कोडमधून वापरला गेला असेल, तर पॅकेजच्या घरी सर्व चाचण्या हिरव्या दिसतात आणि ग्राहकाकडे क्लास नाहीसा होतो. ‘रिक्वायर-डेव्ह’मध्ये टाकलेल्या परक्या लायब्ररीचेही तेच. चाचणीसाठी म्हणून आणलेली लायब्ररी मुख्य कोडला कधी लागू लागली, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

पॅकेज आणि प्रकल्प एकाच संगणकावर शेजारी ठेवून विकसित करण्यासाठी कंपोझरमध्ये ‘पाथ’ प्रकारचे भांडार आहे. शक्य असेल तेथे कंपोझर ‘व्हेंडर’मध्ये पॅकेजची प्रत न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणारा दुवा ठेवतो. म्हणून ‘एसआरसी’मध्ये नवा क्लास लिहिला, की तो प्रकल्पाला लगेच दिसतो आणि काहीही करावे लागत नाही. या सोयीची सवय लागते व तीच पुढे फसवते. पॅकेजच्या ‘कंपोझर डॉट जेसन’मध्ये नवा उपसर्ग जोडला, तर तो प्रकल्पाला आपोआप कळत नाही. पॅकेज बसवले त्या क्षणी कंपोझरने त्याच्या ऑटोलोडची माहिती आपल्या नोंदवहीत उतरून घेतलेली असते आणि तो तीच वाचतो. प्रकल्पात ‘डम्प-ऑटोलोड’ ही आज्ञा दहा वेळा चालवली तरी ती जुन्या नोंदीवरूनच नकाशा पुन्हा काढते. येथे ‘कंपोझर अपडेट’ ही आज्ञा त्या पॅकेजचे नाव देऊन चालवावी लागते. ‘डम्प-ऑटोलोड करा’ हा सल्ला सर्व दुखण्यांवर एकच काढा दिल्यासारखा सर्रास दिला जातो. स्वतःच्या पॅकेजच्या बाबतीत तो अनेकदा निरुपयोगी का ठरतो, याचे उत्तर या नोंदवहीत आहे. शंका असल्यास प्रकल्पाच्या ‘व्हेंडर’मधील ‘कंपोझर’ फोल्डरात ‘ऑटोलोड-पीएसआर४’ या नावाची फाईल उघडावी. साध्या यादीच्या रूपात तेथे प्रत्येक उपसर्ग आणि त्याचा फोल्डर लिहिलेला असतो. आपला उपसर्ग तेथे नसेल, तर पुढे शोधण्यात अर्थ नाही.

सर्व्हरवर वेग वाढवण्यासाठी काढलेला नकाशा हे आणखी एक कारण. ‘डम्प-ऑटोलोड’ला ऑप्टिमाइझचा पर्याय दिला, की कंपोझर सर्व फोल्डर चाळून प्रत्येक क्लासची आणि त्याच्या फाईलची यादी करून ठेवतो. त्यानंतर जोडलेले नवे क्लास यादीत नसले, तरी पीएसआर-४ च्या वाटेने सापडतात. मात्र ‘ऑथॉरिटेटिव्ह’ हा कडक पर्याय वापरला असेल, तर यादी हाच अंतिम शब्द. तिच्यात नाही ते अस्तित्वातच नाही. सर्व्हरवर एखादी फाईल हाताने चढवणाऱ्यांना हा पर्याय हमखास नडतो. उलट, यादीतील फाईल हलवली किंवा पुसली, तर ‘फाइंडफाईल’ तिचा जुना मार्गच सांगते आणि फाईल उघडता येत नाही, असा इशारा मिळतो. यादी नव्याने काढल्यावरही जुनेच कोड चालत असल्यासारखे वाटले, तर ओपकॅश किंवा सतत चालू राहणारी कामकरी प्रक्रिया जुनी प्रत धरून बसली आहे का, ते पाहावे आणि पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करावी.

याच ऑप्टिमाइझ पर्यायाचा एक उपयोग मात्र वेगाशी संबंधित नाही आणि पॅकेज लिहिणाऱ्याने तो अवश्य करून घ्यावा. २०२० मध्ये आलेल्या कंपोझरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, पीएसआर-४ शी न जुळणारे क्लास या यादीत घेतले जात नाहीत. फाईल आणि क्लास यांचे जमत नाही असा इशारा पडद्यावर येतो आणि तो क्लास वगळला जातो. पहिल्या आवृत्तीत असे क्लास यादीत खपून जात. कित्येक वर्षे चाललेली पॅकेजे कंपोझर बदलताच का अडली, हे त्यावरून समजते. अलीकडच्या कंपोझरमध्ये ‘स्ट्रिक्ट-पीएसआर’ हा पर्यायही आहे. तो ऑप्टिमाइझबरोबर दिला, की असा विसंवाद आढळताच आज्ञा अपयशी ठरते आणि स्वयंचलित तपासणीत ते लगेच पकडले जाते. ही तुलना अक्षरशः होत असल्याने लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ विंडोजवरही उघड होतो. वापरणाऱ्या कोडमध्ये कोणी चुकीचे अक्षर लिहिले असेल, तर ते मात्र या चाळणीतून निसटते.

त्यासाठी पॅकेज बाहेर देण्यापूर्वी ते पाहुणा म्हणून एकदा वागवून पाहावे लागते. लिनक्सवर एक रिकामा प्रकल्प करावा, त्यात पॅकेज नेहमीच्या मार्गाने, दुवा न ठेवता पूर्ण प्रत उतरवून, डेव्ह विभाग वगळून बसवावे आणि त्याचे प्रत्येक महत्त्वाचे काम स्वतंत्र प्रक्रियेत एकदा चालवावे. स्वतंत्र प्रक्रिया यासाठी की, एका कामाने आणलेला क्लास दुसऱ्याची चूक झाकू नये. डॉकरसारखा कंटेनर वापरायचा असल्यास लॅपटॉपचा फोल्डर आत जोडू नये, फाईली आत उतरवून घ्याव्यात. एरवी विंडोज किंवा मॅकची ढिलाईही त्यांच्याबरोबर आत येऊ शकते.

एवढे करूनही दोष ग्राहकाकडे पोहोचलाच, तर दुरुस्तीनंतर जुन्या आवृत्तीची खूण पुढे सरकवण्याचा मोह होतो. १.०.० हेच नाव ठेवायचे आणि गिटमध्ये ते नव्या कमिटला चिकटवायचे. ग्राहकाच्या लॉक फाईलमध्ये मात्र आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर त्या वेळच्या कमिटची ओळखही लिहिलेली असते. तो ‘इन्स्टॉल’ म्हणेल तेव्हा कंपोझर ती जुनी ओळखच मागेल आणि तीच सदोष प्रत पुन्हा उतरेल. दुरुस्त नोंद १.०.१ म्हणून द्यावी आणि ग्राहकाच्या प्रकल्पात त्या पॅकेजपुरते ‘अपडेट’ करावे. त्यानंतर घाईत लिहिलेली ‘रिक्वायर’ची ओळ काढून अहवालाचे पान आधी उघडून पाहावे, बिलाचे नंतर.